ग्रॅमकाकांची लस

ज्याला अंडं चालत नाही त्यानं केकचं दुकान काढावं, हे ऐकून कुणालाही हसू येईल. ग्रॅमकाकांना त्या हसण्याची सवय झाली होती. नवं गिऱ्हाईक असलं आणि केकचा तुकडा पुढे करून "तुम्हीपण घ्या ना थोडा" म्हणालं, की काका हात जोडत. "नको. मी खाल्ला तर तुम्हालाच मला उचलून दवाखान्यात न्यावं लागेल." गिऱ्हाईक हसायचं. काका हसायचे नाहीत, कारण ते खरं होतं.

सहा वर्षांचे असताना शेजारच्या घरी त्यांनी केकचा एक तुकडा खाल्ला होता. पाच मिनिटांत ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या आणि घसा असा आवळला की हाक मारता येईना. वडिलांनी त्यांना पाठुंगळी घेतलं आणि ते अनवाणी धावत सुटले. दवाखान्याच्या पायऱ्या चढताना वडिलांना धाप लागली होती आणि आपल्याला मात्र श्वासच मिळत नव्हता, एवढं काकांच्या कायमचं लक्षात राहिलं. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, पोरगं वाचलं, आणि अंडं जे बंद झालं ते झालंच.

आता अशा माणसानं कापडाचं दुकान काढावं, छत्र्या दुरुस्त कराव्यात. पण सतराव्या वर्षी भाजत्या केकच्या वासामागे ते एका बेकरीत जाऊन उभे राहिले. मालक वैतागलेले होते. "आधीचे दोघं माझा निम्मा माल खाऊन टाकायचे. तू किती खाशील?" काका म्हणाले, "मला अंडं चालत नाही." मालकांनी तिथल्या तिथे कामावर ठेवलं. असा कारागीर दिवा घेऊन शोधला असता तरी सापडला नसता, असं ते पुढे वीस जणांना सांगत सुटले. त्याच मालकांनी काकांना सगळी कला शिकवली आणि स्वतःचं दुकान काढायला निघाल्यावर जुना तराजू भेट दिला. काका त्यांचं नाव आजही हात पुसूनच घेतात.

चव घेता येत नाही, तर निदान माप चुकता कामा नये, हे काकांचं तत्त्व. पीठ, साखर, लोणी तर सोडाच, फोडलेली अंडीसुद्धा ते वजन करून घेत. पाककृती विचारायला आलेल्या बायकांनी "चिमूटभर" म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडे. "कुणाची चिमूट?" असं ते विचारत. गल्लीनं त्यांचं नाव ग्रॅमकाका पाडलं, आणि पाटीवरच्या नावापेक्षा तेच जास्त चाललं.

आणि चव? ती काकूंची. काकूंनी अंडी फोडायची, काकांनी हातमोजे घालून मिश्रण घोटायचं, आणि केक निवला की काकूंनी एक तुकडा तोंडात टाकून डोळे मिटायचे. काका समोर उभे, परीक्षेचा निकाल लागायच्या वेळी पोरं उभी राहतात तसे. "साखर घालताना हात आखडलात," काकू म्हणायच्या. किंवा "हे लोणी त्या दुसऱ्या माणसाकडचं आहे ना? परत पाठवा." किंवा नुसतंच "छान." त्या छानशिवाय एकही ट्रे काचेच्या कपाटात जात नसे. असं तीस वर्षं चाललं. 'दुकान माझं, जीभ हिची,' असं काका गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगत. काकूंना मात्र कधी एका शब्दानं म्हणाले नाहीत. घरच्या माणसाचे आभार कसले मानायचे, अशा पिढीतले ते.

मग काकूंच्या मानेत गाठ आली आणि तपासणीत कॅन्सर निघाला. बरा होण्यातला आहे, असं मोठ्या इस्पितळातले डॉक्टर म्हणाले, पण सहा केमो घ्याव्या लागणार होत्या. काका घाबरून गेले. काकू मात्र पहिल्या केमोहून परत आल्या, डोक्याला रुमाल बांधला आणि दुसऱ्या दिवशी खाली दुकानात हजर. दुकान खाली, घर वर, मध्ये अठरा पायऱ्या. इस्पितळाची फाईल काकूंनी स्वतःच्या कपाटात ठेवली. "तुम्हाला त्यातलं काही कळायचं नाही. मी सांगेन काय ते," असं म्हणाल्या, आणि काकांनाही ते बरंच वाटलं. ती फाईल दिसली तरी ते दुसऱ्या खोलीत निघून जात.

तिसऱ्या केमोनंतरच्या आठवड्यात ती भानगड झाली.

समोरच्या घरात निवृत्त मास्तर राहतात. गणित शिकवायचे, अजूनही खडू हातात असल्यासारखे बोलतात. त्यांनी नातवासाठी नेलेला केक संध्याकाळी परत आणला आणि काउंटरवर ठेवला.

"एक घास खाऊन बघा," मास्तर म्हणाले, आणि मग जीभ चावली. "माफ करा. वहिनी, तुम्ही बघा."

काकूंनी तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले. "छान आहे की."

मास्तर काकूंकडे बघतच राहिले. "वहिनी, हा केक नाही, साबण आहे. घरात तीन जणांनी खाल्ला आणि तिघंही नळाखाली तोंड धरून बसलेत."

काकांनी चिठ्ठी काढली. प्रत्येक केकची वजनं ते चिठ्ठीवर लिहून खुणा करत. खायच्या सोड्यापुढे दोन खुणा होत्या. त्या दिवशी इस्पितळातून आल्या आल्या काम सुरू केलं होतं, लक्ष थाऱ्यावर नव्हतं, सोडा दोनदा पडला होता. तीस वर्षांत पहिल्यांदा. पण काकांच्या काळजात धस्स झालं ते त्यासाठी नाही. त्यांनी काकूंकडे बघितलं. काकू पिठाच्या पोत्यावर बसल्या होत्या.

"मला चवच लागत नाही हो," त्या म्हणाल्या. "दीड महिना झाला. सगळं पुठ्ठ्यासारखं लागतं."

"मग रोज छान, छान काय म्हणत होतीस?"

"तुम्ही इतके घाबरलेले होतात. त्यात मी जीभपण गेली म्हणून सांगितलं असतं तर तुम्ही दुकान उघडलं असतं का?"

मास्तरांनीच मार्ग काढला. चव परत येईपर्यंत रोज एक तुकडा खाण्याचं ओझं आपण वाहू, असं त्यांनी जाहीर केलं. साबणाचं दुःख ते फार लवकर विसरले.

काका मात्र विसरले नाहीत. जी बाई पुठ्ठा चघळत दीड महिना छान म्हणू शकते, ती आणखी कुठे कुठे छान म्हणत असेल? दुसऱ्या दिवशी दुपारी काकू झोपलेल्या असताना त्यांनी कपाट उघडलं, फाईल काढली आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतली. शेवटी घरच्यांसाठी सूचनांचा कागद होता. त्याच्या खालच्या दोन ओळी नीट घडी घालून मागे दुमडलेल्या होत्या. काकांनी घडी उलगडली. लिहिलं होतं, 'रुग्णाची प्रतिकारशक्ती कमी असल्याने साधा फ्लूसुद्धा गंभीर होऊ शकतो. घरातील प्रत्येकाने फ्लूची लस घ्यावी.'

घरातील प्रत्येक म्हणजे एकटे काकाच.

ती घडी का घातली, हे त्यांना विचारावं लागलं नाही. फ्लूची लस अंड्यात वाढवतात, हे त्या घरात दोघांनाही ठाऊक होतं. काकांनी जन्मात ती लस घेतली नव्हती, आणि कुणी आग्रह केला की "अंडं चालत नाही" म्हटलं की विषय मिटायचा.

आता तो मिटेना. दुकानात दिवसभर माणसं यायची, शिंकायची, नाक पुसून तोच हात काचेवर ठेवायची. साथ सुरू व्हायला महिनाभर होता. काकांनी सल्ले गोळा केले. शेजारचा कुलूपवाला म्हणाला, "माझ्या साडूनं लस घेतली आणि आठ दिवसांत त्याला फ्लूच झाला. कशाला विकतचं दुखणं?" मास्तर केक चघळत म्हणाले, "मी दरवर्षी घेतो. दंड दुखतो, बाकी काही नाही. पण मला अंडं चालतं, तेव्हा माझं उदाहरण तुम्हाला लागू नाही." गणिताचा माणूस, पळवाट ठेवून बोलायचा.

शेवटी काकांनी त्यांना जे येत होतं तेच केलं. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा मालकांनी दिलेला जुना तराजू काउंटरवर घेतला, मनुकांची बरणी उघडली आणि एकेका धोक्याला एकेक मनुका डाव्या पारड्यात टाकायला सुरुवात केली. दंड दुखेल, एक. ताप येईल, एक. सुई बघून चक्कर येईल, एक. एक दिवस दुकान बंद ठेवावं लागेल, एक. साडूसारखं होईल, एक. अंडं, एक. मग ते उजव्या पारड्याकडे वळले आणि तिथेच थांबले. तिथे काकू होत्या. काकूंच्या किती मनुका टाकायच्या? बरणी रिकामी केली असती तरी कमी पडल्या असत्या, आणि डाव्या बाजूच्या त्या एका मनुकेत तर त्यांचं स्वतःचं मरण होतं.

"हे काय चाललंय?" काकू पायऱ्या उतरून आल्या होत्या.

काकांनी तो दुमडलेला कागद काढून दाखवला. काकूंनी कागदाकडे बघितलं, तराजूकडे बघितलं, आणि त्यांना सगळं कळलं.

"ही कुठली?" त्यांनी एक मनुका उचलली.

"दंड दुखेल."

"ही काय वजन करायची गोष्ट आहे?" काकूंनी ती तोंडात टाकली. "आणि ही?"

"ताप."

तीही खाल्ली. चक्कर खाल्ली, बंद दुकान खाल्लं, कुलूपवाल्याचा साडू खाल्ला. "एक पण गोड लागत नाही मेली," म्हणाल्या. मग पारड्यात उरलेल्या एकुलत्या एका मनुकेवर बोट ठेवलं. "ही राहू द्या. ही खरी आहे. हिच्यासाठीच मी तो कागद दुमडला होता. मला फ्लू होईल न होईल. तुमचा घसा मात्र आवळलेला तुमच्या वडिलांनी बघितलाय."

"मला न विचारता ठरवलंस?"

"तुम्ही तरी आत्ता मला विचारून ठरवत होतात का?"

काकूंनी तराजू बाजूला सरकवला. मग त्या म्हणाल्या, "या एका मनुकेचं वजन तुम्हालाही ठाऊक नाही आणि मलाही नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना विचारा. पण खरं काय ते येऊन मला सांगा."

"तू सांगतेस तसं?" काका म्हणाले. काकूंना हसू आलं, आणि त्या दिवसापुरतं भांडण संपलं.

डॉक्टरीणबाई दोन रस्ते सोडून बसत. काका प्रश्नांचा कागद घेऊनच गेले. बाईंनी तो आधी पूर्ण वाचला, आणि त्याबद्दल काका त्यांना अजून दुवा देतात, कारण दाराबाहेर नऊ पेशंट खोकत बसले होते.

"साडूचं आधी बघू," बाई म्हणाल्या. "या इंजेक्शनात जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे त्यानं फ्लू होत नाही. लस अंगात मुरायला दोन आठवडे लागतात. त्याला मधेच कुठेतरी लागण झाली असणार, किंवा तो दुसराच ताप असेल. आता अंडं. पूर्वी आम्हीही अंडं न चालणाऱ्यांना ही लस देताना बिचकायचो. पण इतक्या वर्षांत अशा कितीतरी लोकांना देऊन झाली, आणि त्यांना इतरांपेक्षा जास्त त्रास झालेला दिसला नाही. अंड्याचा अंश राहतो तो अगदी नावाला."

"नावाला म्हणजे किती?" काकांनी विचारलं.

बाई हसल्या. "तुमच्या तराजूवर दिसणार नाही इतका. धोका अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. कुठल्याही लसीनं कुणालातरी जोरात रिअ‍ॅक्शन येऊ शकते. दहा लाखांत एखाद्याला. आणि ती बहुतेक वेळा पहिल्या काही मिनिटांतच येते, म्हणून आम्ही पंधरा मिनिटं बसवून ठेवतो. औषध भरलेली सिरिंज हाताशी असते. लहानपणी तुमच्या वडिलांना तुम्हाला घेऊन धावावं लागलं. इथे तुम्ही आधीच दवाखान्यात असाल."

हे वाक्य काकांना फार लागू पडलं.

"आणि फायदा?"

"तोही शंभर टक्के नाही. काही वर्षी लस छान चालते, काही वर्षी निम्मीच."

"निम्म्या मापाचा माल मी दुकानात ठेवत नाही, बाई."

"काका, काकूंना लस देऊन झाली आहे, पण केमोत त्यांचं शरीर थकलंय, त्यांच्यात ती किती धरेल हे मी सांगू शकत नाही. त्यांच्या सर्वांत जवळ रोज तुम्ही असता. तुमच्याकडून त्यांना लागण व्हायचा धोका निम्मा झाला तर तो तुम्हाला चालेल की नको, तेवढं फक्त ठरवा."

काकांनी कागदाची घडी घातली. "शुक्रवारी येतो."

घरी येऊन त्यांनी सगळं जसंच्या तसं सांगितलं, दहा लाखांतला तो एकसुद्धा. काकू ऐकत राहिल्या. "मी बरोबर येणार," त्या म्हणाल्या.

"खुळी आहेस का? तिथे सगळे खोकणारे. तुला गर्दीत जायची बंदी आहे. मी ज्यासाठी लस घेतोय तेच तू घालवून बसशील. तू घरीच थांब. पंधरा मिनिटं झाली की मी फोन करतो."

"बरं," काकू म्हणाल्या. इतक्या पटकन म्हणाल्या की काकांना संशय यायला हवा होता. पण एवढं शहाणपण आलेले नवरे मी तरी पाहिलेले नाहीत.

शुक्रवारी काका दवाखान्यात गेले. सिस्टरनं बाही वर करायला सांगितली. "काका, हात सैल सोडा. दगड झालाय." सुई टोचली तेव्हा मुंगी चावल्याइतकंही दुखलं नाही. कोपऱ्यातल्या खुर्चीत त्यांना बसवलं, समोर भिंतीवर घड्याळ. काकांनी वेळ बघितली.

तिसऱ्या मिनिटाला काही नाही. पाचव्या मिनिटाला त्यांना घशात काहीतरी दाटल्यासारखं वाटलं. त्यांनी आवंढा गिळला, तो कसाबसा उतरला. पन्नास वर्षांपूर्वीची ती पायरी, वडिलांची पाठ, त्यांचा घामेजलेला सदरा, सगळं डोळ्यांसमोर आलं. "सिस्टर," त्यांनी हाक मारली, आणि आवाज फुटला याचंच त्यांना नवल वाटलं.

सिस्टर धावत आली. बाईही आल्या. ओठ बघितले, हात बघितले, छातीला नळी लावली, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. "सगळं ठीक आहे," बाई म्हणाल्या. "सूज नाही, गांधी नाहीत, श्वास मोकळा आहे. घाबरलात तुम्ही. माझ्यासमोर बसा. पंधराच्या ऐवजी अर्धा तास बसू, म्हणजे तुमचंही समाधान होईल." त्यांनी पाण्याचा पेला दिला आणि पुढचा पेशंट तिथेच तपासायला घेतला.

काका पाणी प्यायले. मग त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला रडू येतंय. वडील जिवंत असताना, 'तुम्ही त्या दिवशी अनवाणी धावलात' असं त्यांना कधी म्हणालो नाही. मालकांनी तराजू दिला तेव्हा वाकून नमस्कार केला, तोंडानं काही बोललो नाही. आणि घरात एक बाई आहे, जिनं तीस वर्षं माझ्या वाट्याची चव घेतली, जीभ गेल्यावरही मला धीर म्हणून पुठ्ठा गोड मानला, आणि स्वतःच्या जिवाची सूचना दुमडून ठेवली, का तर माझा घसा आवळू नये. किती माणसांनी मला उचलून आणलंय इथपर्यंत! रुमाल सापडेना, म्हणून त्यांनी डोळे बाहीला पुसले.

पंधरा मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. काकांनी घाईघाईनं फोन लावला. पहिल्या घंटीलाच उचलला गेला.

"हं?" काकूंचा आवाज चिरका झाला होता. "बोला! बोलता येतंय ना?"

"येतंय. काही झालं नाही. एकदम ठीक आहे मी. थोडं घाबरलो, म्हणून बाईंनी..."

तेवढ्यात फोनमध्ये जोरात हॉर्न वाजला. तोच हॉर्न खिडकीतूनही आला, एकाच वेळी. काका फोन तसाच कानाला धरून उठले आणि खिडकीशी गेले. दवाखान्याच्या दारात एक टॅक्सी उभी होती, काचा वर केलेल्या. मागच्या सीटवर रुमाल बांधलेलं डोकं, नाकातोंडावर मास्क, मांडीवर पिशवी.

अर्धा तास पुरा झाल्यावर बाईंनी जायला सांगितलं तेव्हा काका तरातरा बाहेर आले आणि टॅक्सीचं दार उघडलं. "तुला सांगितलं होतं ना घरी थांब म्हणून?"

"आत बसा आणि दार लावा. हवा येते," काकू म्हणाल्या. "मी कुठे दवाखान्यात आले? काचा बंद आहेत. तुम्ही निघालात तशी मागोमाग निघाले."

"आणि या पिशवीत काय आहे?"

"तुमचे कपडे. टॉवेल. मोठ्या इस्पितळात न्यावं लागलं असतं तर?"

टॅक्सीवाला आरशातून बघत होता. "काका, मला त्यांनी बजावून ठेवलं होतं," तो म्हणाला. "अर्ध्या तासात फोन आला नाही तर मी आत जाणार, तू इंजिन चालू ठेव. मी म्हटलं, तुम्हाला आत जायला मनाई आहे ना? तर म्हणाल्या, मनाई आहे, पण नवरा एकच आहे."

काकूंनी खिडकीबाहेर तोंड फिरवलं. काका त्यांच्याकडे बघत राहिले. साधा खोकला जिला झेपला नसता ती बाई, खोकणाऱ्या पेशंटांमधून वाट काढत त्यांच्यापर्यंत यायला तयार बसली होती, हातात टॉवेल घेऊन. काकांना ओरडायचं होतं. ओरडणं तोंडापर्यंत आलं आणि तिथेच विरघळलं.

"अगं," ते म्हणाले, आणि पुढचं त्यांना जमेना. "थँक्यू."

"मला?" काकू वळल्या. मास्कवरचे डोळे ओले होते. "त्याला म्हणा. एवढा वेळ इंजिन चालू ठेवून बसलाय बिचारा."

काकांनी टॅक्सीवाल्याला थँक्यू म्हटलं. मग पुन्हा काकूंकडे वळून त्यांनाही म्हटलं, या वेळी तीस वर्षांचं.